कितीही आर्ग्युमेंट घे, पण टाइप सोडू नको

प्रश्न: दादा, माझे काका कळमना मार्केटात अडते आहेत, त्यांच्या हिशेबासाठी मी एक लहानशी प्रोग्रामिंगची भाषा बनवून राहिलो. एका शेतकऱ्याच्या मालाचे कधी तीन काटे होतात कधी वीस, म्हणून 'बेरीज' फंक्शनला कितीही आर्ग्युमेंट (म्हणजे कंसात दिलेल्या किमती) देता आले पाहिजेत. सी भाषेतल्या प्रिंटएफ या छापायच्या फंक्शनसारखं करायचा विचार होता पण मित्र म्हणतो त्यात टाइप सेफ्टी नाही, म्हणजे नंबरच्या जागी अक्षरं आली तरी कोणी अडवत नाही. मग कसं करू?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर: मित्र बरोबर बोलून राहिला. सी मध्ये कितीही आर्ग्युमेंट घ्यायचे तर तीन टिंबं लिहितात; त्यांच्या जागी काय आलं त्याचा टाइप (नंबर की अक्षरं) फंक्शनपर्यंत पोचतच नाही, फॉरमॅट स्ट्रिंग, म्हणजे काय कसं छापायचं ते लिहिलेला मजकूर, जे सांगेल ते खरं मानायचं. त्यात 'टक्का एस' (इथं अक्षरं येतील अशी खूण) लिहून 5 दिलास तर ते 5 लाच मेमरीतला पत्ता समजून तिथली अक्षरं वाचायला जातं आणि प्रोग्राम बहुतेक तिथंच आपटतो. फ्लोट (दशांशाचा लहान नंबर-टाइप) दिला तर तो जाताना डबल (त्याहून मोठा) होतो, आणि आत व्हीए-आर्गने, म्हणजे पुढचा आर्ग्युमेंट काढायच्या सोयीने, फ्लोटच मागितलास तर काय हाती येईल याची भाषा काही हमी देत नाही. जीसीसी हा सी चा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) प्रिंटएफसाठी वॉर्निंग देतो, पण तुझ्या स्वतःच्या फंक्शनला ती हवी तर कंपायलरला सूचना म्हणून वेगळा अ‍ॅट्रिब्यूट लावावा लागतो.

तुझं काम त्यापेक्षा सोपं आहे, कारण बेरजेत सगळे आर्ग्युमेंट एकाच टाइपचे. गो किंवा जावा या भाषांसारखं कर: 'वजन...' असं लिहायचं, कंपायलर एकेक आर्ग्युमेंट तपासून त्यांची लिस्ट करतो आणि फंक्शनला ती लिस्टच मिळते. फक्त वजन आणि रुपये दोन्ही साधे नंबर ठेवू नको रे, वेगळे टाइप कर, म्हणजे क्विंटलमध्ये चुकून भाव मिसळला तर प्रोग्राम चालायच्या आधीच अडेल. शेतकऱ्याच्या पट्टीवर चुकीचा आकडा जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

छापायच्या फंक्शनला मात्र नाव, वजन, रुपये सगळंच लागणार. तिथं काहीही चालेल असा टाइप ठेवायचा मोह होतो, तो टाळ! 'छापता येईल' असा एक इंटरफेस (टाइपने पाळायचा करार) कर आणि तो पाळणारेच टाइप घे. फॉरमॅट स्ट्रिंग हवीच असेल तर रस्ट भाषेतलं प्रिंटलाइन बघ, ते मॅक्रो आहे (कंपाइल होतानाच ज्याचा कोड तयार होतो), त्यात स्ट्रिंग कोडमध्येच लिहावी लागते म्हणून जागा किती आणि आर्ग्युमेंट किती हे कंपाइल होतानाच जुळवता येतं.

अजून एक, आर्ग्युमेंट शून्य असले तर? बेरीज शून्य येते, ठीक आहे, पण 'सगळ्यात जास्त भाव' काय सांगणार? तिथं 'पहिला, बाकीचे...' अशी सिग्नेचर (फंक्शन काय काय घेतं त्याची यादी) ठेव म्हणजे रिकामा कॉल कंपाइलच होणार नाही. पण भाव फाइलमधून लिस्ट म्हणून आले तर ती रिकामी आहे का हे कंपायलरला कळत नाही, म्हणून लिस्ट घेणारं दुसरं फंक्शन कर आणि त्याचं उत्तर ऑप्शनल ठेव, म्हणजे 'भाव आहे' किंवा 'काहीच नाही'.