बंद झालेला मोबाईल क्रमांक दुसऱ्याला मिळाल्यावर जुन्या खात्यांचे काय होते?

नवे सिम घेतल्यापासून कोणा अनोळखी माणसाच्या बँकेचे संदेश तुमच्या फोनवर येतात, आणि उद्या तुमचा जुना क्रमांक बंद झाला तर तुमच्या खात्यांचेही असेच होईल का, असे तुम्ही विचारले आहे. होऊ शकते. लॉगिन आणि खाते-पडताळणीच्या प्रणालींवर मी काम केले आहे, आणि हा दोष एखाद्या दूरसंचार कंपनीच्या गलथानपणाचा नसून फोन क्रमांकाला आपण सर्वांनी ओळख पटवण्याचे जे काम लावले आहे त्याचा आहे, असे माझे मत आहे.

क्रमांक आपल्या मालकीचा नसतो. कंपनी तो केवळ वापरायला देते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार देशाच्या कोडसह तो जास्तीत जास्त 15 अंकी असू शकतो आणि प्रत्येक देशाच्या मालिका मर्यादित असतात, म्हणून बंद झालेला क्रमांक काही काळ निष्क्रिय ठेवून पुन्हा वाटला जातो. लँडलाईनच्या काळात यात वावगे काहीच नव्हते. जुन्या ग्राहकासाठी फोन आलाच, तर ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला की विषय संपत असे.

एसएमएसही गुप्त संकेत पोहोचवण्यासाठी जन्मलेला नाही. 3 डिसेंबर 1992 रोजी ब्रिटनमध्ये गेलेला पहिला संदेश नाताळच्या शुभेच्छांचा होता. पुढे संकेतस्थळांना प्रत्येकाकडे असेल, पण एकाच माणसाला हजारोंनी जमवता येणार नाही अशी एखादी खूण हवी होती. ईमेल पत्ते फुकटात हवे तितके काढता येतात. सिमला मात्र पैसे पडतात आणि अनेक देशांत ओळखपत्रही लागते. 2009 मध्ये आलेल्या व्हॉट्सॲपने तर क्रमांक हेच खाते मानले. माझ्या मते कंपन्यांना यात सुरक्षेपेक्षा दोन गोष्टींचा मोह अधिक होता: बनावट खाती रोखणे आणि पासवर्ड विसरलेल्यांच्या तक्रारी कमी करणे.

अडचण अशी की क्रमांकाचा धारक बदलल्याचे ओटीपी पाठवणाऱ्या सर्व्हरला आपोआप कळत नाही. व्हॉट्सॲप, उदाहरणार्थ, एखादे खाते 45 दिवस निष्क्रिय राहून नंतर वेगळ्या फोनवर सुरू झाले तर क्रमांक दुसऱ्याकडे गेला असे धरते आणि जुनी माहिती काढून टाकते. म्हणजे हाही अंदाजच. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये अमेरिकेतील दोन कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले 259 क्रमांक तपासले, तेव्हा त्यांपैकी 171 क्रमांक लोकप्रिय संकेतस्थळांवरील आधीच्या खात्यांशी जोडलेले आढळले. क्रमांक बंद न होताही हातचा जाऊ शकतो, ही वेगळीच कथा: ऑगस्ट 2019 मध्ये ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांचा क्रमांक हल्लेखोरांनी ताब्यात घेतला आणि त्यांच्याच खात्यावरून आक्षेपार्ह मजकूर टाकला. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फोनजाळ्यावरून येणाऱ्या अशा संकेतांना ‘मर्यादित’, म्हणजे धोका लक्षात घेऊनच वापरायच्या, गटात टाकले. तरीही ते टिकले आहेत, कारण साध्यात साध्या फोनवरही एसएमएस येतो.

याची झळ मात्र सर्वांना सारखी बसत नाही, आणि मला हाच भाग अधिक गंभीर वाटतो. दरमहा बिल भरणारा, स्थिर नोकरी असलेला माणूस एकच क्रमांक वीस वर्षे सांभाळू शकतो. ज्याचे रिचार्ज पैशांअभावी राहून जाते, जो कामासाठी देश बदलतो, ज्या घरात चौघांत एकच फोन आहे किंवा ज्या स्त्रीचे सिम नवऱ्याच्या नावावर आहे, त्यांची ओळख दुसऱ्याच्या मर्जीवर किंवा महिन्याच्या हिशोबावर टांगलेली असते. छळाला कंटाळून घर सोडलेल्या व्यक्तीला सुरक्षिततेसाठी क्रमांक बदलावा लागतो, आणि नेमके त्याच वेळी स्वतःच्या बँकखात्याचे दार तिच्यासाठी बंद होते. पडताळणीची रचना करणारे लोक बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. बाकीच्यांची अडचण त्यांच्या चाचण्यांत येतच नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर जुने सिम चालू असतानाच बँक, ईमेल आणि सरकारी सेवांमधील क्रमांक या क्रमाने बदलून घ्या, कारण बदलाची पुष्टी करणारा ओटीपी अनेकदा जुन्याच क्रमांकावर येतो. ईमेलला विशेष जपा. इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. जिथे सोय असेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचे संकेत फोनवरच तयार करणारे ॲप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी गुप्त किल्लीने लॉगिन करण्याची सोय) सुरू करा आणि पर्यायी मार्ग म्हणून ठेवलेला एसएमएस बंद करा, कारण तो चालू राहिला तर हल्लेखोर त्याच वाटेने येईल. पासकीची गुप्त किल्ली क्रमांकाशी बांधलेली नसते, ती तुमच्या उपकरणात किंवा तुमच्या पासवर्ड व्यवस्थापकात असते. त्यामुळे फोन हरवण्याचा विचार करून आपत्कालीन कोड (नेहमीचा मार्ग बंद झाल्यास लॉगिनसाठी खात्याकडून मिळणारे संकेत) कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवा.

तुमच्याकडे येणाऱ्या परक्या संदेशांतील दुवे उघडू नका. संबंधित बँकेच्या अधिकृत ग्राहक सेवेला, संदेशातील क्रमांकावर नव्हे तर तिच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून, हा क्रमांक आता तुमच्याकडे आहे एवढेच कळवा. पडताळणीसाठी म्हणून त्यांनी ओटीपी विचारला, तर तो देऊ नका.