सायकल-शंका : स्वस्त शॉकअपची पारख आणि बदल

प्रश्न : माझ्या २७.५ इंची सायकलीला सनटूर कंपनीचा एक्ससीटी शॉकअप आहे, १०० मि.मी. दबणारा. कासच्या बाजूच्या मुरमाड रस्त्यांवर हँडल थडथडतं आणि खड्ड्यातून बाहेर पडताना पुढचं चाक उसळतं. शॉकअप बिघडलाय, की मुळातच बेताचा आहे? (सातारा)

उत्तर : बहुधा बिघडलेला नाही. चांगल्या शॉकअपमध्ये दोन कामं वेगवेगळी होतात. एका पायात स्प्रिंग किंवा हवा धक्का झेलते. दुसऱ्या पायात तेल बारीक छिद्रांतून जात त्या स्प्रिंगची परत उसळी आवरतं. या दुसऱ्या कामाला डॅम्पिंग म्हणतात. सर्वांत खालच्या किमतीच्या शॉकअपमध्ये ते नसतंच. तिथे उसळी थांबवायला फक्त ग्रीस आणि बुशचं (नळी ज्यांतून सरकते त्या कड्यांचं) घर्षण उरतं, म्हणून लहान खड्यांवर शॉकअप हलत नाही आणि मोठ्या खड्ड्यातून टुणकन वर येतो.

पारख दुकानातच करता येते. पुढचा ब्रेक धरून हँडलवर पूर्ण वजन टाका आणि एकदम सोडा. शॉकअप संथपणे वर येऊन थांबला तर आत डॅम्पिंग आहे. वर ‘टक्’ आवाज करून आदळला तर नाही. मग हँडल दोन बोटांनी अगदी हळू दाबा. तो आधी अडून मग झटक्याने खाली गेला, तर घर्षण जास्त आहे. नवा असेल तर ग्रीस कमी भरलेलं असतं, जुना असेल तर माती शिरलेली असते.

मग खेळ तपासा. ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवताना दुसऱ्या हाताची बोटं सीलवर (नळी खालच्या पायात शिरते तिथल्या रबरी कडीवर) ठेवा. खटका तिथे जाणवला तर बुश झिजलेत. हँडलखालच्या वाटीपाशी जाणवला तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) सैल आहे, शॉकअपचा दोष नाही. डिस्क पॅडही थोडे खडखडतात, त्याने फसू नका.

वरच्या चकचकीत नळ्यांना लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर त्या स्टीलच्या आहेत. ते वाईट नाही, पण वजन वाढतं आणि गंजाची काळजी घ्यावी लागते. नळीची जाडी व्हर्नियरने मोजा. २८ मि.मी.ची नळी जोरात ब्रेक लावताना मागे वाकल्यासारखी वाटते, ३२ मि.मी.ची बरीच ताठ असते.

सनटूरच्या स्टिकरवर शेवटची अक्षरंही वाचा. ‘एनएलओ’ म्हणजे लॉकआउट (शॉकअप हलू न देणारी सोय) नाही, ‘एमएलओ’ म्हणजे यांत्रिक अडसर, ‘एचएलओ’ म्हणजे तेलाचं लॉकआउट. तेल असलेला तिसरा प्रकार घ्यावा. यांत्रिक लॉकआउट लावून खड्ड्यांतून नेलं तर आतला अडसर तुटतो, तेव्हा तो गुळगुळीत चढाच्या डांबरी रस्त्यापुरताच वापरा.

प्रश्न : वजन ८८ किलो. डाव्या बाजूची निळी टोपी पूर्ण आवळली, तरी शॉकअप तळाला आदळतो. (नागपूर)

उत्तर : ती टोपी स्प्रिंग कडक करत नाही. ती स्प्रिंगला बसल्या जागी थोडं आधीच दाबून ठेवते. त्यामुळे सुरुवातीला शॉकअप अडतो आणि शेवटी तसाच आदळतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. टोपी पूर्ण सैल करा आणि सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर शॉकअप किती दबतो ते, मोजा. वरच्या नळीवर सीलला टेकेल अशी प्लॅस्टिकची झिप-टाय सैलसर बांधा. पाठपिशवी आणि पाण्यासकट सायकलीवर हळू बसा, मग हळू उतरा. १०० मि.मी.च्या शॉकअपमध्ये टाय १५ ते २५ मि.मी. सरकलेली हवी. ३५च्या पुढे गेली तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. सनटूरच्याच एक्ससीएम आणि एक्ससीआर मॉडेलच्या काही आवृत्त्यांना कडक स्प्रिंग वेगळी मिळते. मागवताना मॉडेल, वर्ष आणि मि.मी. सांगा, कारण लांबी जुळली नाही तर ती बसत नाही. मोजून झाल्यावर टाय काढा, नाहीतर तिच्याखाली माती साचून नळीवर चरे पडतात.

प्रश्न : हवेचा शॉकअप बसवायचा आहे. फक्त चाकाचा आकार जुळला की झालं ना? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : नाही, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. मागवण्यापूर्वी या गोष्टी मोजा.

पहिली, वरची दांडी, म्हणजे स्टिअरर. स्वस्त सायकलींत ती सरळ, २८.६ मि.मी.ची असते. नव्या शॉकअपपैकी बरेचसे खाली दीड इंचापर्यंत फुगणारे, टेपर्ड असतात. फ्रेमच्या हेड ट्यूबचा (दांडी जिच्यातून जाते त्या नळीचा) आतला व्यास ४४ मि.मी. असेल तर खाली बाहेरची वाटी लावून टेपर्ड बसतो. ३४ मि.मी. असेल तर काहीही करून बसत नाही. उलट टेपर्ड फ्रेममध्ये सरळ दांडी योग्य क्राउन रेस (दांडीच्या तळाशी बसणारी कडी) लावून बसते.

दुसरी, चाकाचा हब. तुमचा हब ९ मि.मी. क्विक रिलीजचा (खटका उघडून सुटणारा) असेल आणि नवा शॉकअप १५ मि.मी. एक्सलचा, तर हब किंवा अख्खं पुढचं चाक बदलावं लागेल. त्यात १५×१०० आणि १५×११० (दुसरा आकडा हबच्या रुंदीचा) हे दोन वेगळे आहेत. रॉकशॉक्स ज्यूडी सिल्व्हर आणि सनटूर एक्ससीआर-३२ एअर यांच्या सरळ दांडीच्या, क्विक रिलीज आवृत्त्या निघाल्या आहेत. जुन्या फ्रेमसाठी शोध तिथूनच सुरू करावा.

तिसरी, ब्रेक. व्ही-ब्रेकची (रिमवर रबर दाबणाऱ्या ब्रेकची) सायकल असेल तर थांबा. हवेच्या बहुतेक शॉकअपना व्ही-ब्रेकचे खुंट नसतात.

चौथी, उंची. एक्सलच्या मध्यापासून क्राउन रेस बसते तिथपर्यंत जुन्याचं अंतर घ्या. २० मि.मी. वाढलं तर हँडलचा कोन सुमारे १ अंशाने कलतो. तेवढं बहुतेक फ्रेम सोसते. ८० मि.मी.च्या जागी १२० बसवू नका, हेड ट्यूबच्या जोडावर ताण येतो.

दांडी कापताना जुनी शेजारी ठेवून खूण करा आणि ती स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) वरच्या काठाच्या २–३ मि.मी. खाली राहू द्या. आधी थोडी लांब कापलेली परवडते. वरच्या टोपीचा बोल्ट फक्त हेडसेटचा खेळ काढण्यापुरता आवळा, मग स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, किंवा स्टेमवर लिहिलं असेल तेवढे.

हवा भरायला शॉक पंपच हवा. आतली जागा इतकी छोटी असते की टायरच्या कॉम्प्रेसरने क्षणात दाब मर्यादेबाहेर जातो. पायावरच्या तक्त्यातल्या दाबापासून सुरुवात करा, चार-पाच वेळा शॉकअप दाबा म्हणजे दोन्ही कप्प्यांतली हवा समतोल होते, मग पुन्हा मोजून सॅग बघा. शेवटी रिबाउंडची, म्हणजे उसळीचा वेग ठरवणारी खुंटी. हात उचलताच शॉकअप टायरला जमिनीवरून उचलत असेल तर एकेक टिचकी हळूच्या बाजूला.

नवा शॉकअप, हेडसेट आणि मजुरी मिळून सायकलीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जात असेल, तर आमच्या मते चांगला शॉकअप आधीच असलेली जुनी सायकल बघावी.

प्रश्न : पावसाळ्यानंतर शॉकअप जाम झाला. गॅरेजवाल्याने स्प्रे मारला, दोन दिवस बरा चालला, आता आधीपेक्षा कडक. (चिपळूण)

उत्तर : आत घुसणारा पातळ स्प्रे उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो. खोलूनच साफ करायला हवा. स्प्रिंगच्या शॉकअपला तासाभराचं काम आहे. चाक आणि ब्रेकचा कॅलिपर काढा. दोन्ही पायांच्या तळाचे बोल्ट किंवा नट चार-पाच आटे सैल करा, लाकूड मध्ये ठेवून हलके ठोका, मग पूर्ण काढा. बोल्टबरोबर आतली दांडी फिरत राहिली तर शॉकअप दाबून धरा. खालचे पाय ओढले की सुटतात. मातीचं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्याच्या कापडाने पुसा. प्रत्येक पायात वर आणि खाली असे दोन बुश असतात. खालच्यापर्यंत पोचायला काठीला कापड गुंडाळा. बुशना आणि सीलच्या ओठाला सस्पेन्शनचं ग्रीस लावा, साधं चाकाचं नको. नळीवर हलका गंज असेल तर ‘०००० ’ क्रमांकाच्या स्टील वूलने निघतो. सीलच्या मार्गात नखाला लागणारे खड्डे असतील तर सील फाटतच राहणार. तिथे खर्च थांबवा. हवेचा शॉकअप असेल तर बोल्टला हात लावण्यापूर्वी सगळी हवा सोडा. रॉकशॉक्स खालच्या पायांची ही सफाई दर ५० तासांनी सांगतं. कोकणातल्या पावसात त्याहून लवकर करा. काम करताना डिस्क झाकून ठेवा.

प्रश्न : रोज १४ किलोमीटर ऑफिस, सगळं डांबर. कोणता शॉकअप घेऊ? (ठाणे)

उत्तर : कोणताच नको, साधा, न दबणारा चिमटा बसवा. एक्ससीटी अडीच किलोच्या आसपास असतो, स्टीलचा साधा चिमटा त्याच्या निम्मा. मात्र शॉकअपच्या फ्रेमसाठी बनवलेलाच घ्या आणि त्याची उंची तुम्ही सायकलीवर बसल्यावर जुना शॉकअप दबून उरतो तेवढी असू द्या. धक्क्यांसाठी २ इंची टायर पुरतो. ७० किलोच्या माणसाने पुढे ३० पीएसआयपासून सुरुवात करावी.