पाय काढल्यावर पेडल वर आलं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांची 2004 ची पेट्रोल गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरच्या पेडलवरून पाय काढल्यावरही रेस सोडत नाही, आरपीएम अडीच-तीन हजारांवर अडकतो, दोनदा तर गाडी पुढच्या गाडीवर जाता जाता राहिली. आणि मेकॅनिक म्हणतो, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला. ईसीएमवर एक रुपयाही घालवू नका, निदान आत्ता तरी.

कारण साधं आहे. तुमची गाडी केबलवाली आहे. पेडलपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या तोंडापर्यंत, स्टीलची तार जाते. ती तार आतली बटरफ्लाय, म्हणजे हवेची गोल झडप, उघडते आणि स्प्रिंग ती मिटवते. ती झडप उघडायला ईसीएमकडे मोटरच नाही. त्याच्या हातात फक्त आयडलिंगची, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू ठेवणारी, बाजूची हवा असते, आयएसी नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून जाणारी. त्यामुळे सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची: रेस अडकलेली असताना पेडल वर आलंय की खालीच आहे? गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, बुटाचं टोक पेडलखाली घालून हळूच वर उचलून बघा. चालत्या गाडीत वाकून हात घालू नका, कधीच नाही.

पेडल खाली राहिलं असेल तर दोष पेडल, केबल किंवा बटरफ्लायमध्ये आहे. आधी मॅट काढा. पावसाळ्यात आपण कार्पेटवर रबराची आणखी एक मॅट टाकतो, गाडी धुतल्यावर ती सरकवून ठेवली जाते आणि तिची कड पेडलवर बसते. ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण 2009-10 मध्ये टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या त्या मॅट आणि चिकटणाऱ्या पेडलपायीच. इलेक्ट्रॉनिक्सवर संशय होता म्हणून अमेरिकन सरकारनं नासाच्या इंजिनिअरांकडून तपासून घेतलं, आणि 2011 च्या अहवालात तसा दोष सापडला नाही. त्या गाड्यांत तर केबलही नव्हती, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिकच होता.

मॅट नसेल तर केबल. माझं लक्ष इथे आधी जातं, कारण मी स्वतः यात सापडलोय. जुलै महिना, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, विक्रोळीच्या पुढे, गाडीत आई. ओव्हरटेक करायला पेडल दाबलं आणि ते वर आलंच नाही. मी ब्रेक मारला, सोडला, परत मारला. तिसऱ्यांदा ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक. पुढे ट्रक. मग डोकं चाललं: क्लच, न्यूट्रल. इंजिन असं किंचाळलं की आईनं माझा दंड धरला. कडेला थांबल्यावरच चावी फिरवली. नंतर बघितलं तर केबलची एक बारीक तार तुटून बाहेरच्या नळीच्या तोंडाशी अडकली होती. मुंबईची दमट, खारी हवा आणि साचलेलं पाणी केबलला आतून खातं. वरून ती नवी दिसते.

ब्रेक कडक का झाला हे समजून घ्या, जीव त्यावर अवलंबून आहे. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, चालतो, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असला की व्हॅक्यूम जवळपास उरत नाही. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळाच पुरतो. म्हणून ब्रेक पंप करायचा नाही. एकदाच, पूर्ण ताकदीनं दाबून धरायचा, आणि त्याच वेळी क्लच दाबून न्यूट्रल. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. चावी आधी फिरवू नका. ती लॉकपर्यंत गेली आणि निघाली तर स्टिअरिंग अडकतं. रिकाम्या रस्त्यावर बाबांनाही हे दोन-चारदा करायला लावा. घाबरलेल्या पायाला सवय असावी लागते.

घरी इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबा आणि सोडा; ते टक्कन वर यायला हवं. मग बॉनेट उघडून कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि थ्रॉटल बॉडीवरची चकती परत येताना कुठे अडखळते का पाहा. चकती हातानं फिरवून मोकळी वाटली पण पेडलनं अडली तर केबल. हातानंही अडली तर बटरफ्लायवर कार्बन किंवा स्प्रिंग ढिली. कार्बन थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडानं काढायचा, खरवडायचा नाही. आणि थ्रॉटल बॉडीवरचा छोटा स्टॉप स्क्रू फिरवून “स्लो सेट करतो” म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. तो कंपनीत बसवलेला असतो. तो हलवला की मूळ दोष झाकला जातो. इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार, तेही हलवून बघा. ते तुटलं तर इंजिन उचललं जाऊन केबल ओढतं. 1971 मध्ये जनरल मोटर्सनं याच कारणासाठी सुमारे 67 लाख गाड्या परत बोलवल्या होत्या.

पेडल वर आलेलं असूनही रेस चढलेली असेल, तर कुठून तरी जादा हवा शिरतेय. आयएसी व्हॉल्व्ह कार्बननं उघडा अडकलाय, किंवा व्हॅक्यूमची नळी फुटलीय. पक्कडीला फडकं गुंडाळून नळ्या एकेक करून हलकेच दाबा; ज्या नळीवर रेस उतरते त्या वाटेनं हवा शिरतेय. ती नळी ब्रेक बूस्टरची असेल तर गाडी हलवूच नका. एक मात्र लक्षात घ्या, एसीचा कॉम्प्रेसर लागला की रेस थोडी वाढते आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी जराशी ढकलली जाते. तो बिघाड नाही. पण अडीच हजार म्हणजे तो प्रकार नव्हे.

केबल लागली तर जुनी सोबत घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जा. लांबी आणि टोकाचा मणी जुळवून घ्या, आणि बसवताना केबलला थोडी ढील राहू द्या; ताणून बसवली तर बटरफ्लाय पूर्ण मिटतच नाही. पेडलचं काय दिसलं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो. तोवर ही गाडी लिंक रोडवर काढू नका. लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी.