आई-बाबांना बर्फ दाखवायला नेशील तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आई-बाबा डिसेंबरात म्युनिकला येताहेत आणि त्यांना तू आल्प्समध्ये नेणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेला बेत दोनदा वाचला. पाच दिवसांत झुगस्पिट्झ शिखर, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, साल्झबर्ग, इन्सब्रुक आणि एक दिवस स्कीइंग. हा बेत मोड, असं मी स्पष्टच सांगतो. एकच गाव धर आणि पाचही दिवस तिथेच राहा.

मी असाच बेत १९९८ साली केला होता. आमचे नाना आणि आई पहिल्यांदा आले होते आणि त्यांना सगळं दाखवायची मला घाई झाली होती. पहिल्याच सकाळी आइबझे तळ्यापासून रोपवेने झुगस्पिट्झवर नेलं. दहा मिनिटांत २९६२ मीटर. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे बघ. नानांना रक्तदाबाचा त्रास होता, हे मला माहीत होतं. वरच्या गच्चीवर पोचल्यावर ते कठडा धरून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "जरा बसूया का?" उतरेपर्यंत पुढे एक शब्द नाही. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती सकाळ मला अजून टोचते. बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना एवढ्या उंचीवर नेऊ नकोस.

गाव कुठलं, म्हणशील तर मिटेनवाल्ड. समुद्रसपाटीपासून साधारण ९२० मीटरवर आहे, त्यामुळे दम लागत नाही. म्युनिकहून साध्या रेजिओ, म्हणजे प्रादेशिक गाडीने दोनेक तासांत पोचता येतं. बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं तिकीट काढ, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. गाडीत चढताना डब्यावरची पाटी वाच, काही गाड्यांचे डबे वाटेतल्या गार्मिश स्टेशनावर वेगळे होतात. स्टेशनातून बाहेर पडलं की कारवेंडेल डोंगररांगेचा कडा थेट गावावर उभा दिसतो. काही दाखवावं लागत नाही, आई आपणच थांबेल.

रस्त्यावरच्या घरांच्या भिंतींवर संत, देवदूत, खिडक्यांभोवतीच्या वेलबुट्ट्या रंगवलेल्या आहेत. या चित्रकलेला तिथे ल्युफ्टलमालराय म्हणतात. पण मला खरं ओढ लावतं ते व्हायोलिन. माथियास क्लोत्स (१६५३–१७४३) हा इथलाच. इटलीत काम करून तो परतला आणि गावाला हा धंदा लावून दिला. १८५८ पासून इथे व्हायोलिन घडवायची शाळाही आहे. व्हायोलिनची पुढची पाटी स्प्रूसची असते. थंड डोंगरात हे झाड सावकाश वाढतं, त्यामुळे त्याची वर्तुळं दाट बसतात आणि असं लाकूड हलकं असूनही ताठ राहतं. तुझी आई गाते, तिला हे नक्की सांग. एखाद्या कारागिराच्या काचेतून बिनरंगाचं, नुसतं पिवळसर व्हायोलिन टांगलेलं दिसतं. तिथे तिला हवा तेवढा वेळ उभी राहू दे. तोवर हातमोजे तिच्या हातात आहेत ना, एवढं बघ.

आता बर्फाचं. ताजा, भुसभुशीत बर्फ तेवढा घसरवत नाही. घसरवतो तो दुपारी वितळून रात्री परत गोठलेला, काचेसारखा, रस्त्याच्या रंगाचा. तो दिसतच नाही. म्हणून खडी टाकलेल्या वाटेनेच चालायचं, पावलं छोटी टाकायची, हात खिशात घालायचे नाहीत. बुटांना खालून लावायचे रबरी काटे मिळतात, ते दोघांसाठी घे. छपराखाली उभं राहून फोटो काढू नका. छपरावरचा बर्फ एकदम खाली येतो. या माणसांनी त्याला डाखलाविने असा शब्दच केलाय. बर्फात दोन समांतर चर पडलेले दिसले तर ती लॉइपे, म्हणजे स्कीवाल्यांसाठी आखलेली वाट असते, त्यावर पाय ठेवायचा नाही. चालायला इझार नदीकाठची सपाट वाट उत्तम. सूर्यास्त साडेचारच्या आसपास, पण डोंगरामुळे ऊन त्याआधीच जातं आणि क्षणात गारठा वाढतो. साडेतीनला माघारी फिर.

हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं फेरीएनवोनुंग, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं घर घे. घरात कुणी अंडं खात नाही ना? मग केझेश्पेट्झलेला हो म्हणू नकोस. दिसायला नुसतं चीज आणि शेवया, पण त्या शेवयांत अंडं असतं. मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट सोबत ने. दूध, भाजी, ब्रेड २३ तारखेलाच भरून ठेव. २४ला दुपारी दुकानं बंद होतात, ती २७च्या आत उघडत नाहीत. फोडणी घालण्याआधी खिडकी उघड, छतावरचा धुराचा अलार्म जिऱ्या-मोहरीला माफ करत नाही. बाबांच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या असू देत. सुट्टीत डॉक्टर लागला तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

दिवसभर काय करायचं, याची चिंता करू नकोस. आमच्या त्या सहलीचे शेवटचे दोन दिवस मी सगळं रद्द केलं आणि आम्ही मिटेनवाल्डमध्येच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर नाना खोलीत नाहीत. खिडकीतून पाहिलं. रात्रभर बर्फ पडला होता, आणि घरासमोरची पायवाट मोकळी करणं हे इथे घरमालकाचं कामच असतं. म्हातारी मालकीण फावडं घेऊन बाहेर आली होती. नानांनी ते तिच्या हातून घेतलं होतं. माकडटोपी, वर माझा कोट. जुन्नरकडे वाफ्याचा बांध घालतात तसे ते बर्फाची कड सरळ रेषेत थापत होते. तिला मराठी येत नव्हतं, त्यांना जर्मन. तरी ती बोट दाखवत होती आणि ते मान डोलवत होते. नंतर तिने स्वयंपाकघरात बसवून त्यांना गरम दूध दिलं.

मालकांना आजच लिही, नाताळातल्या खोल्या फार आधी भरतात. आणि बाबांना सांग, कागदावर उभं राहून जाड मोज्यांसकट पायाची रेघ मारून मापं पाठवा. बूट तूच इथे घेऊन ठेव, म्हणजे विमानतळावर उतरले की पायात.

तुझा,
काका