घर विकताना बागेवरचा खर्च वसूल होतो का?

प्रश्न : नाशिकला आमचा पंधरा वर्षं जुना बंगला आहे. पुढे १,२०० चौरस फूट मोकळी जागा, सध्या नुसतं गवत माजलंय. दिवाळीनंतर विकायचा विचार आहे. एजंट म्हणतो, लॉन, गझिबो आणि छोटा धबधबा करा, भाव चढेल. कोटेशन साडेतीन लाखांचं आलंय. करावं का?

उत्तर : नका करू. बंगल्याचा भाव प्लॉट, पुढच्या रस्त्याची रुंदी आणि बांधकामाचं वय यांवर ठरतो. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. तो जमीन मोजतो, बांधकाम मोजतो, हिरवळ मोजत नाही. गझिबो तर अंगाशी येऊ शकतो. पक्कं छत सामासिक अंतरात (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) आलं आणि नकाशात नसलं, की घेणाऱ्याचा वकील 'हे आधी काढा' म्हणून अडून बसतो. धबधब्यात लोकांना डास दिसतात.

लॉनचं गणित वेगळं करून बघा. १,२०० चौरस फुटांवर चार इंच माती म्हणजे ४०० घनफूट, चार ब्रास. वर शेणखत, गवताचे गादे, मजुरी. मुळं धरायला तीन-चार आठवडे लागतात. उन्हाळ्यात रोज पाच-सहाशे लिटर पाणी द्यावं लागतं, आणि टँकर मागवणाऱ्या वस्तीत घेणारा हा हिशोब मनातल्या मनात करतोच. स्वस्त मातीतून लव्हाळा येतो तो आणखी वेगळा. वरून उपटला की जमिनीतली गाठ पुन्हा फुटते. महिनाभरातच लॉनवर पोपटी, उभ्या पात्यांचे ठिपके दिसायला लागतात आणि 'नवं लॉन'चं सगळं सोंग उघडं पडतं.

त्याऐवजी भाव पाडायला निमित्त देणाऱ्या गोष्टी आधी निस्तरा. पहिली म्हणजे भिंतीला टेकलेली माती. वर्षानुवर्षं वाफ्यात भर घालत गेल्याने ती जोत्याच्या वर चढलेली असते, आणि आतल्या खोलीत खाली फूटभर ओल धरते, रंगाचे पापुद्रे सुटतात. माती जोत्याच्या पातळीखाली निदान सहा इंच उतरवा, जमिनीला उतार घराकडून बाहेर द्या, मग आतली भिंत पूर्ण सुकल्यावरच रंगवा. ओल्या भिंतीवर मारलेला रंग पहिल्या पावसात सगळं सांगून टाकतो. दुसरी गोष्ट चेंबरची. ड्रेनेजच्या चेंबरजवळ रबराचं झाड किंवा उंबर असेल तर झाकण उघडून मुळं आत शिरलीत का ते पाहा.

गाडीच्या वाटेचे पेव्हर खचले असतील तर तेवढा पट्टा मात्र जरूर करा. चालायला ६० मिलिमीटरचा ब्लॉक चालतो, गाडीखाली ८०चा घ्या. मुरूम थराथराने, पाणी मारून ठोकून घ्या. एकदम ओतून वर रेती पसरली की चाकांच्या दोन ओळी वर्षभरात बसतात. कडेला कर्ब (काठाचे पक्के दगड) नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात. मात्र सगळं अंगण पेव्हरने झाकू नका, पाणी मुरायला जागा राहू द्या.

एवढं झालं की गवत काढा, आशुपालवाच्या फांद्या खिडकीसमोरून हटवा, गेटला रेड ऑक्साइड मारून ऑइलपेंटचे दोन हात द्या. शोभेसाठी आठ-दहा मोठ्या कुंड्या पुरेत. जाताना बरोबर नेता येतात. कोणत्या कुंड्या नेणार ते घेणाऱ्याला आधी सांगा. तुळशीवृंदावनावरूनही व्यवहार संपल्यावर रुसवेफुगवे होतात, तेव्हा करारात एक ओळ असलेली बरी.

प्रश्न : पुण्यात सर्वात वरच्या मजल्यावर फ्लॅट आणि त्याला लागून २५० चौरस फूट टेरेस. विटांचे वाफे करून फूटभर लाल माती भरलीय. खालच्यांच्या छताला ओल आहे. बाग तशीच ठेवून विकता येईल?

उत्तर : खर्च करायचाच असेल तर इथे करा. फूटभर ओली माती चौरस फुटाला ५० किलोच्या आसपास भरते. जाण्यायेण्याच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण १४-१५ किलो. घेणाऱ्याचा इंजिनिअर पहिल्या भेटीत हेच बोलेल.

माती आणि वाफे पूर्ण काढा. कोब्यावर (गच्चीवरचा जलरोधक थर) हातोडीने हलकं टकटक करा, जिथे पोकळ वाजेल तिथे तो सुटलाय. कठड्याच्या सांध्यातला वाटा (कोपऱ्यात भरलेली गोलाई) आणि पावसाळी पाइपाचं तोंड, गळती बहुतेक या दोन जागांतून होते. कठड्यात पिंपळ असेल तर वरचा शेंडा खुडून भागत नाही, सांधा उघडून मूळ काढायचं. दुरुस्तीनंतर तोंडं बुचं मारून बंद करा, दोन इंच पाणी (सुमारे १,२०० लिटर) ४८ तास साठवून ठेवा आणि खालच्यांना छत बघायला सांगा. त्या वेळचे फोटो, बिल आणि गॅरंटीचं पत्र जपून ठेवा. गॅरंटी पुढच्या मालकालाही लागू आहे असं कंत्राटदाराकडून लिहूनच घ्या. बाग हवी असेल तर ग्रो बॅगमध्ये कोकोपीट आणि कंपोस्ट, खाली स्टँड, म्हणजे पाणी अडत नाही. जुन्या गळतीवर टाइल्स बसवून मोकळं व्हायचा मोह आवरा. आणि टेरेस तुमच्या करारनाम्यात आहे का ते आधी वाचा, नसेल तर ती किमतीत धरू नका.

प्रश्न : घर मुलाच्या नावावर आहे, तो अमेरिकेत असतो. बागेची बिलं करात धरता येतात का?

उत्तर : रोपं, खत, माळ्याचा पगार हे नाही धरता येत. ती देखभाल झाली. कंपाउंडची भिंत, बोअर, पक्की वाट असं मालमत्तेत भर घालणारं काम सुधारणेचा खर्च म्हणून दाखवता येतं, मात्र बिल आणि बँकेतून दिल्याची नोंद हवी. घर २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेलं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर, इंडेक्सेशनविना (म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून न धरता). २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला २० टक्के आणि इंडेक्सेशनचा पर्याय मिळतो, पण तो फक्त भारतातल्या निवासींना, त्यामुळे तुमच्या मुलाला नाही. शिवाय अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस (घेणारा पैसे देतानाच कापतो तो कर) निवासी विक्रेत्यासारखा एक टक्क्यावर थांबत नाही. सीएला व्यवहाराआधी भेटा.

प्रश्न : घेणाऱ्याला अंगणातला आंबा नकोय. आम्ही तोडून द्यावा?

उत्तर : स्वतःच्या अंगणातलं असलं तरी शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मोठ्या छाटणीलाही विचारून घ्या. ५० वर्षांवरचं झाड असेल तर ते हेरिटेज वृक्ष धरलं जातं आणि प्रकरण लांबतं. परवानगीचा अर्ज घर घेणाऱ्याने, ते स्वतःच्या नावावर झाल्यावर करावा, तुम्ही कुऱ्हाड हातात घेऊ नका.