‘आम्ही’ आणि ‘आपण’ : ओजिब्वे सर्वनामांविषयी

प्रश्न : माझी नात अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ओजिब्वे ही तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा शिकते. सुट्टीत ती सांगलीला आली तेव्हा तिच्या वहीत ‘निनिबामिन’ आणि ‘गिनिबामिन’ असे दोन शब्द मला दिसले. दोहोंपुढे इंग्रजीत ‘आम्ही झोपतो’ एवढाच अर्थ लिहिला होता. यांत फरक कोणता, आणि वाक्यात सर्वनाम का नाही?
– एक निवृत्त संस्कृत शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : इंग्रजी अर्थात जो फरक पुसला गेला, तो मराठीत आपण रोज पाळतो. ‘आम्ही उद्या हरिपूरला जाणार आहोत’ असे शेजारणीला सांगितले, तर आपल्याला बोलावणे नाही हे तिला कळते. ‘आपण उद्या हरिपूरला जाऊ’ म्हटले, की संगमावर न्यायच्या डब्यात काय भरायचे याचा विचार ती करू लागते. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ म्हणजे ओजिब्वेतले ‘नीनविंद’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ म्हणजे ‘गीनविंद’. म्हणून नातीने वहीत मराठी अर्थच लिहावेत, असा माझा आग्रह आहे. मात्र मराठीत ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही येते, तसा ‘गीनविंद’चा उपयोग नाही.

बाकीची सर्वनामे अशी : मी ‘नीन’, तू ‘गीन’, तो किंवा ती ‘वीन’, तुम्ही ‘गीनवा’, ते किंवा त्या ‘वीनवा’. स्त्री-पुरुष भेद इथे नाही. या भाषेतला भेद सजीव आणि निर्जीव असा आहे, आणि दगडाला म्हणजे ‘असिन’ला ती सजीवांत धरते.

सर्वनाम वाक्यात दिसत नाही, कारण त्याचे काम क्रियापदच करते. वेगळे सर्वनाम मुख्यतः जोर देण्यासाठी येते. ‘निबा’ म्हणजे ‘तो किंवा ती झोपते’. आधी ‘नि’ जोडला की ‘निनिबा’, मी झोपते. ‘गि’ जोडला की ‘गिनिबा’, तू झोपतेस. ‘गिनिबाम’ म्हणजे तुम्ही झोपता, ‘निबावग’ म्हणजे ते झोपतात. तृतीय पुरुषी एकवचनाला काहीच जोडलेले नसते, म्हणून शब्दकोशात तेच रूप मुख्य शब्द म्हणून देतात. ज्या रूपाला संस्कृत व्याकरण प्रथम पुरुष म्हणते, तेच इथे खरोखर पहिले आहे, हे आपल्याला नक्की आवडेल.

आता वहीतले दोन शब्द पाहा. शेवटचा ‘मिन’ दोन्हींत सारखाच आहे. फरक आहे तो केवळ पहिल्या अक्षराचा. ऐकणारा गटात असेल, तर ‘तू’चा ‘गि’ पुढे येतो. ‘तू’चा हा मान इतका पक्का आहे, की ‘तू मला पाहतोस’ म्हणजे ‘गिवाबम’ आणि ‘मी तुला पाहतो’ म्हणजे ‘गिवाबमिन’, दोन्हींत ‘गि’च आधी येतो, कोण कोणाला पाहतो हे शेवटावरून ओळखायचे. इथे धातू ‘वाबम’ असून ‘म’ त्याचाच आहे, पुढे लागला तो फक्त ‘इन’. ‘आम्ही’च्या ‘मिन’शी त्याची गल्लत करू नये.

धातू स्वराने सुरू होत असेल, तर मध्ये ‘द’ येतो : ‘अनोकी’ म्हणजे तो काम करतो, आणि मी काम करतो म्हणजे ‘निंदनोकी’. मिनेसोटात तेच ‘इंदनोकी’ असेही ऐकू येते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र काटेकोरपणे पाळावेत. रोमन लिपीत दीर्घ आ, ई, ऊ दाखवण्यासाठी अक्षर दोनदा लिहावे लागते. देवनागरीत ते सहज दिसते. उच्चारताना ‘नीनविंद’मधला दुसरा ‘न’ पूर्ण म्हणावा, मराठी सवयीने ‘नीन्‌विंद’ करू नये.

भविष्यकाळाचा ‘ग’ या ‘गि’ आणि धातू यांच्या मध्ये बसतो. नात परत निघेल तेव्हा आपण तिला ‘येते’ म्हणायला लावालच; तिच्या वहीतल्या भाषेत त्या वेळी ‘गिगवाबमिन’ म्हणतात, म्हणजे ‘मी तुला पाहीन’.