खोडावरचं दगडफूल खरवडू नका, आधी बुंधा मोकळा करा

दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. संगमेश्वरच्या घरामागे हापूसचं जुनं कलम, खोडावर राखाडी-हिरवट चट्टे, वरच्या दोन फांद्या सुकलेल्या, आणि दुकानदार म्हणतोय की ही बुरशी झाड खातेय, तारेच्या ब्रशने खरवडा आणि वरून बोर्डो (मोरचूद आणि चुन्याची पेस्ट) फासा. आमच्या कणकवलीजवळच्या घरी शब्दशः हेच ऐकलं होतं. आम्हाला ते दुकानदाराने नाही, सल्ला देण्यासाठीच उघडलेल्या एका कार्यालयाने सांगितलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी कृषी पदवीधर नाही आणि तुमचं झाड मी फक्त फोटोत बघितलंय, हे धरून वाचा.

फोटोतले चट्टे शैवाकाचे आहेत, म्हणजे लायकेनचे. गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच कुळातलं. बुरशी घर बांधते आणि आत राहणारं शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, दोघांचं त्यावर भागतं. झाडाकडून लागते ती फक्त बसायला जागा. बांडगुळाशी याची गल्लत करू नका. बांडगुळाची मुळं फांदीच्या लाकडात शिरून रस ओढतात, ते कापायलाच हवं. शैवाक सालीच्या वरच्या मेलेल्या थरापलीकडे जात नाही. खात्री करायची तर कोरड्या चट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाका. बघता बघता राखाडीचा हिरवा होईल. नखाने अगदी हलकं खरडलंत तर वरच्या पापुद्र्याखाली हिरवी रेघ दिसेल, तेच ते शैवाल. साधं भिंग असेल तर सालीवर काळ्या शाईने काहीबाही लिहिल्यासारख्या बारीक रेघा शोधा. ते ग्राफिस, आपल्याकडे पोफळीवर आणि आंब्यावर भरपूर असतं.

मग सुकलेल्या फांदीवरच ते जास्त का दिसतं? कारण फांदीची पानं गळली की तिथे ऊन पोचतं, आणि ऊन मिळालं की शैवाक पसरतं. फांदी आधी आजारी पडते, शैवाक मागून वाढतं. सगळा घोळ इथेच होतो.

आमच्याकडे झालं असं. कुंपणाला चिऱ्याचा गडगा घातला, तेव्हा उरलेली माती आणि चिऱ्यांचे तुकडे कामगारांनी कलमाच्या बुंध्याशी ओतले. पुढे शेंडे सुकायला लागले, म्हणून फोटो आणि सालीचा तुकडा घेऊन त्या कार्यालयात गेलो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, ‘साहेब फिल्डवर आहेत’, पुढच्या आठवड्यात या. शेवटी सालीच्या तुकड्याकडे नीट न बघताच छापील कागदावर ‘बुरशीजन्य प्रादुर्भाव’ लिहून मिळालं. खोड ब्रशने साफ करा, बोर्डो पेस्ट लावा. झाड किती वर्षांचं, आजूबाजूला काय खोदकाम झालं, बुंधा कसा आहे, एकही प्रश्न नाही. घरी येऊन बघा म्हटलं तर गाडी नाही. शिक्क्याचा कागद म्हणून वडिलांनी तो अक्षरशः पाळला. ब्रशने चट्ट्यांबरोबर सालही सोलली गेली. झाड आधीच खंगलेलं, त्यात जखमा. पुढच्या हंगामात बुंध्याशी भुसा पडायला लागला, म्हणजे भिरूड, खोड पोखरणारी अळी, आत शिरलं होतं. गावातले कलमं बांधणारे आजोबा आले, त्यांनी खोडाकडे बघितलंही नाही. ‘हेचो बुंधो खंय?’ एवढंच विचारलं. माती उपसल्यावर खालची साल कुजलेली निघाली. निम्मं झाड गेलं. मला अजून राग येतो तो याचा की हे ज्ञान काही दुर्मीळ नव्हतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पटवर्धनांच्या काळापासून शैवाकांवर काम चालत आलंय, नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. आणि जिल्ह्याच्या टेबलावर मात्र जे राखाडी दिसेल ती बुरशी!

तेव्हा तुमच्या झाडाचं खरं दुखणं शोधा. बुंध्यावर माती चढलीय का, पावसाचं पाणी तुंबतं का, झाड कराराने घेणाऱ्या आधीच्या करारदाराने कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून मातीत घालायचं वाढरोधक) बेसुमार घातलं होतं का, खोडाला भोक आणि भुसा आहे का. सुकलेल्या फांदीवर गुलाबी, रंग लावल्यासारखा थर असेल तर तो मात्र खरा रोग. ती फांदी सुकलेल्या भागाच्या खाली चांगल्या लाकडापर्यंत कापा, जाळून टाका आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). पेस्टचं काम तिथे आहे. विदर्भात संत्र्याच्या खोडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी लावतात, तेही बरोबरच. शैवाक घालवण्यासाठी लावू नका. तांब्याने ते मरतं, झाडाचं काहीच सुधारत नाही.

आणि बागेत त्याचा उपयोग आहे. निखार पक्षी घरट्याला बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने शैवाकाचे तुकडे चिकटवतो, घरटं फांदीची गाठ वाटावं इतकं बेमालूम. पापुद्र्यांखाली बारीक किडे राहतात, त्यांच्यावर कोळी आणि छोटे पक्षी जगतात. काही जातींत नीलहरित शैवाल असतं, ते हवेतला नायट्रोजन धरतं आणि पावसाबरोबर तो थोडाथोडा खाली मातीला मिळतो. शैवाकाला मुळं नाहीत, सगळं हवेतून आणि पावसातून घेतं, म्हणून घाणेरडी हवा त्याला लगेच बाधते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शैवाकं आहेत आणि शहरात इतरत्र नाहीत, यावरून हवा जोखता येईल, असं शैवाकांचे अभ्यासक निलँडर यांनी १८६६ मध्येच लिहिलंय. काही जाती शहरी हवाही सोसतात, तेव्हा एखादा चट्टा दिसला म्हणून हवा शुद्ध असं समजू नका. पण विविध रंगांचं, पानासारखं सुटं सुटं शैवाक असेल तर मला आनंदच वाटतो.

जाता जाता दोन गोष्टी. गडग्यावर शैवाक असेल तर तो प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका; बऱ्याच जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, एकदा गेलं की आपल्या डोळ्यांदेखत परत येत नाही. पायऱ्यांवरचं निसरडं शेवाळ वेगळं, ते खुशाल घासा. आणि घरचं दगडफूल मसाल्यात घालू नका. जात ओळखणं सोपं नाही, शिवाय ते हवेतले जड धातू साठवतं आणि फवारा मारलेला असेल तर तोही.

माती हाताने किंवा खुरप्याने काढा, कुदळ नको. मुळं जिथून पसरायला लागतात तिथपर्यंत मोकळं करा आणि बुंध्याचा फोटो इथे टाका. कल्टारचं काय ते करारदाराला विचारून लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.